पहिल्या तुकड्यावर वजन

कार्डावरच्या लांबलचक शब्दात पेन्सिलीच्या सात उभ्या रेघा, त्यांतली पाचवी तिरकी – नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली होती. झीक, ते, कॉस, तन, फर, झे, के, रिंग. एकाच डच शब्दाचे आठ तुकडे, आणि अर्थ काय, तर आजारपणाच्या खर्चाचा विमा! ईश्वरी करंगळीपासून अंगठ्यानं पेरं मोजत गेली, आठवं पेर मधल्या बोटावर आलं, आणि आठही तुकडे नेहमीसारखे एकाच वजनाचे पडले.

चार वाजता तोंडी परीक्षा होती, ऑनलाइन. पास झाली तर नेदरलँड्समधली फिजिओथेरपिस्टची नोकरी पक्की... आणि इथे आखातात, बिन महमूद भागातल्या या फ्लॅटमध्ये अवधूत आणि आठ वर्षांची नुपूर, वर्षभर, तिच्याशिवाय. सकाळी बूट घालता घालता अवधूत म्हणाला होता, "वर्ष कसं जाईल कळणारही नाही गं. मग आम्ही येतोच, इन्शाल्ला." त्या इन्शाल्लाचा तिला राग आला होता. देवावर सोपवलं आणि हा लिफ्टनं खाली!

डच शिकवणाऱ्या हजरा मॅडम तीन महिने सांगून थकल्या – "ईश्वरी, सब पर बराबर ज़ोर मत दो. पहले टुकड़े पर वज़न, बाकी पर से फिसल जाओ." पण पेरांवर मोजायचं तिला शिकवलं ते नामजपानं. रोज आंघोळीनंतर, एक पेर एक नाम, सगळी पेरं सारखी. देवाच्या नावात कुठलं अक्षर थोरलं आणि कुठलं धाकटं! तोच अंगठा आता डच शब्दावरही तसाच भक्तिभावानं फिरत होता.

शाळेतून आलेली नुपूर दप्तर न काढताच ऐकत उभी होती.

"आई, यू हिट देम ऑल. जस्ट हिट द फर्स्ट वन अँड रन."

"बोलायला सोपं आहे, बाळा."

नुपूरनं आईची पाची बोटं आपल्या दोन्ही मुठींत घट्ट धरली. "नाऊ से इट."

पेरं नाहीत, अंगठा नाही... झीक – आणि मागचं सगळं आपोआप घरंगळत आलं, एका श्वासात, कुठेही न अडखळता. ईश्वरी थबकली. पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तसंच.

"सी? यू विल पास!" म्हणत नुपूर पळाली, टॅब शोधायला.

साडेतीन वाजून गेले होते. तीन महिने एक आधार होता – मला जमतच नाहीये, मग जायचा प्रश्नच कुठे येतो! लोकांनी विचारलं की अवधूत म्हणायचा, "भाषा फार अवघड आहे हो," आणि ती मान खाली घालून आतल्या आत निश्चिंत व्हायची. आता ते खलास. आता जायचं की नाही हे मीच ठरवायचं... आतल्या खोलीत नुपूर हसत होती, आणि त्या हसण्याकडे कान देऊन उभ्या असलेल्या ईश्वरीला एक गोष्ट काही केल्या नाकारता येईना – शब्द सुटला तेव्हा तिला आनंद झाला होता.