गालावरची दोन बोटं

"तोंड उघडा पाहू ताई," डॉक्टर म्हणाल्या.

"दोन बोटांच्या वर उघडत न्हाई तिचं," मालनबाई म्हणाल्या. "आन् उजव्या अंगाला कट्ट वाजतं."

खुर्चीत आडव्या झालेल्या मोनिकानं तोंड उघडलं. ते दोन बोटांच्या वर उघडलं नाही आणि उजव्या अंगाला कट्ट वाजलं. मालनबाई स्टुलावर जरा सैल बसल्या. सुनेची नसन् नस आपल्याला ठाऊक आहे, हे या शहाण्या बाईलाही आता कळलं असेल.

राहुरीत नव्यानं दवाखाना काढलेल्या डॉक्टर कैनात वयानं मोनिकाएवढ्याच होत्या. मालनबाईंना खरं तर इथं यायचंच नव्हतं. मोनिका लग्न होऊन कोपरगावहून आली तेव्हापासून रात्री झोपेत दात खायची. पोटात जंत असले की माणूस दात खातं, हे सगळ्या गावाला माहीत असलेलं निदान. म्हणून मालनबाईंनी तिला वावडिंगाचं पाणी पाजलं, कडुनिंबाचा पाला वाटून दिला, मेडिकलातून जंताची गोळी आणली. मोनिकानं सगळं निमूट गिळलं. जंत असतेच तर बिचारे केव्हाच घर सोडून गेले असते. दात खाणं मात्र थांबलं नाही, उलट सकाळी भाकरीचा घास चावतानाही तिचा हात गालावर जायला लागला.

मग पुतण्याच्या हळदीला पाहुणे मुक्कामाला आले. सकाळी चहा पिता पिता त्यातली एक विहीणबाई म्हणाली, "रातभर तुमच्या घरात कोन जात्यावर दळत हुतं हो?" सगळे हसले. मालनबाईही हसल्या, पण त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सून दात खाते म्हणजे सासूचा जाच असणार, असंच लोक धरून चालतात. आणि मालनबाईंनी तर सुनेला कधी चढ्या आवाजात हाकसुद्धा मारली नव्हती. सासू मिळावी तर मालनबाईंसारखी, असं गल्लीतल्या पोरी म्हणायच्या आणि ते त्यांच्या कानावर आलेलं होतं.

"दाढा पार सपाट झाल्यात," डॉक्टरांनी आरसा बाजूला ठेवला. "आणि जबड्याचे स्नायू थकलेत. दुखणं त्यांचं आहे."

"मग औशद काय?"

"एक म्हणजे रात्री दातांवर बसवायची प्लेट. दात झिजायचे वाचतील. पण दात खाणं थांबेलच असं नाही, त्या प्लेटवर खातील."

"पर आवाज?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं. "आवाज कमी होईल, मावशी."

"आनखी काय हाय?"

"स्नायूत इंजेक्शन देतात. त्यासाठी नगरला जावं लागेल. स्नायू ढिला पडतो, दुखणं उतरतं. पण तीन-चार महिन्यांनी असर जातो, परत घ्यावं लागतं. तिसरं म्हणजे शेक, मालिश, जबड्याचे व्यायाम. ते सावकाश लागू पडतं. आणि ताण कशाचा आहे तेही बघावं लागतं."

"इंजेक्शनच करू," मालनबाईंनी निकाल दिला. "प्लेट तिला सोसायची न्हाई. तोंडात काय घातलं की वकारी येती तिला. आन् ताणबिण काय न्हाई आमच्याकडं."

मोनिका वरच्या दिव्याकडं पाहत पडून होती. आपल्याला वकारी येते की नाही, याबद्दल ती काही बोलली नाही.

"इंजेक्शनचं नंतर ठरवू. मालिश तर लागणारच आहे, ती शिकून घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "इकडं या मावशी."

त्यांनी मालनबाईंची दोन बोटं धरून मोनिकाच्या गालावर, कानाच्या खाली जरा पुढं ठेवली. दुसऱ्या हाताची दुसऱ्या गालावर.

"ताई, दात दाबा. आता सोडा. लागला का स्नायू हाताला, मावशी?"

लागला तर. दात दाबले की बोटांखाली सुपारीसारखी गाठ वर यायची, सोडले की विरायची. म्हशीच्या कासेला हात लावून तिचं दुखणं सांगणारी बोटं ती, त्यांना हे काय अवघड. मालनबाई हलक्या हातानं गोल गोल चोळू लागल्या. सुनेच्या तोंडावरून आपण असा हात कधी फिरवला नव्हता, हे त्यांच्या मनात येऊन गेलं.

"छान. ओठ मिटलेले पण दात सुटे, असं राहायचं ताई." डॉक्टर हात धुवायला वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "घरी कसं काय चाललंय?"

मालनबाई बोलणार, तेवढ्यात मोनिकाच बोलली.

"छान आहे. आई फार जीव लावतात."

बोटांखाली गाठ वर आली. दगडासारखी. तिला दात दाबायला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

"केसपेपरवर कृषीची पदवी लिहिलीय तुम्ही. नोकरी नाही केली?"

"मलाच नको वाटलं."

गाठ आणखी घट्ट झाली. मालनबाईंची बोटं चोळायची थांबली.

हे वाक्य मोनिकाचं नव्हतं. रोपवाटिकेचे साहेब तिला नोकरीचं विचारायला घरी आले होते, तेव्हा ते मालनबाईंनी म्हटलं होतं, अगदी गोड आवाजात. "तिलाच नको वाटतं हो साहेब, घरातच रमती ती." मोनिका तिथंच चहाचा ट्रे धरून उभी होती. साहेब गेल्यावर तिनं कप विसळले, आणि मालनबाईंना वाटलं, चला, पोरीच्या मनातलंच आपण बोललो. तेव्हा तिच्या गालाला हात लावून कोण बघणार होतं?

त्यांना हात काढून घेता येईना. काढावा तर डॉक्टर विचारतील, ठेवावा तर ती गाठ सहन होईना. जंताच्या गोळीवर आपल्या हातानं पाणी पाजलेलं आठवलं आणि त्यांचे कान तापले. शेवटी त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मग मावशी, इंजेक्शनसाठी नगरची चिठ्ठी देऊ?"

उत्तर ओठावर तयार होतं. ते त्यांनी गिळलं.

"तिला इचारा," त्या म्हणाल्या.

मोनिकानं सवयीनं सासूकडं पाहिलं. मालनबाईंना ती नजर पेलवेना, त्या बेसिनच्या नळाकडं बघत राहिल्या.

"आई," मोनिका हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता?"

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मालनबाई उठल्या, पिशवी घेतली आणि बाहेर आल्या. मागं दार लागलं.

बाकावर त्यांच्याच गावची छबूबाई सुजलेला गाल धरून बसली होती. तिनं सरकून जागा केली.

"सुनंला आनलंय व्हय? काय झालंय तिला?"

मालनबाई बसल्या. पदर सारखा केला. आतून मोनिकाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण तो थांबत नव्हता. एवढं सलग बोलताना त्यांनी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"मला न्हाई ठावं," त्या म्हणाल्या. "ती सांगतीय आत."