पहिली दहा पानं
भद्रकाली पेठेतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका छापल्या जात, नाटकांच्या जाहिराती आणि औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या छापल्या जात. कादरभाई तिथले जुळारी. शिशाच्या सुट्या अक्षरांचे खिळे एकेक करून उचलायचे आणि ओळ जुळवायची, यात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. इंग्रजी त्यांना समजत नसे, पण अक्षरं सगळी ओळखीची. न समजणारा मजकूरही ते बिनचूक जुळवत.

१९३२ च्या दिवाळीनंतर रंगनाथ सर कागदांची चवड घेऊन आले. कॉलेजात गणित शिकवणारा हा माणूस दहा वर्षं एकाच प्रश्नामागे लागला होता. वाहत्या पाण्यावर उठलेली लाट पुढं कशी जाते, हे त्यांना समीकरणात बसवायचं होतं. दोन निबंध कलकत्त्याला छापून आले, पण कुणी हूं की चूं केलं नाही. तिसरा फार लांब म्हणून परत आला. तेव्हा त्यांनी ठरवलं, आपणच सोळा पानं छापायची आणि जगभरच्या वीस विद्वानांना टपालानं पाठवायची.

कादरभाईंनी कागद चाळले. "सर, हा मासा कुठून आणू? आणि हा गळ?"

मासा म्हणजे अल्फा. तसले खिळे मुंबईहून मागवले, तेही मोजकेच आले. गळ, म्हणजे इंटिग्रलचं लांबट एससारखं चिन्ह, मात्र कुठंच मिळेना. मग कादरभाईंनी जाहिरातीच्या टाइपातले मोठे एस कानशीनं घासून त्याचे गळ केले. ते पाहून रंगनाथ सर इतके हरखले, की एक गळ हातात धरून पाच मिनिटं नुसते बघत बसले.

खिळे पुरत नसल्यानं दोन पानं छापायची, खिळे सोडवायचे, पुढची दोन जुळवायची, असं काम चाललं. चौथ्या पानावरची एक लांबलचक ओळ पुढं अकराव्या पानावर पुन्हा येणार होती. मेहनत वाचावी म्हणून कादरभाईंनी ती न सोडवता तशीच दोऱ्यानं बांधून ठेवली. दहा पानं छापून झाली. अकरावं आलं, ओळ उचलली, मूळ कागदाशी ताडली, आणि त्यांचा हात थांबला.

संध्याकाळी सर आले तेव्हा ते म्हणाले, "मला यातलं काय कळतंय? पण चौथ्या पानावर वजा आहे, इथं अधिक. ओळ तीच ना?"

रंगनाथ सर उभ्याउभ्याच कागदावर वाकले. मग चवड उचलून निघून गेले.

आठ दिवस त्यांचा पत्ता नव्हता. आपण उगाच तोंड उघडलं, असं कादरभाईंना वाटू लागलं. नवव्या दिवशी सर आले, दाढी वाढलेली.

"चूक माझीच, कादरभाई. शेवटची सहा पानं त्याच एका चिन्हावर उभी होती, ती कोसळली. लाट शेवटी कशी फुटते, ते मला सापडलं असं वाटत होतं. नाही सापडलेलं. छापलेलंही रद्दीत घाला."

"पहिली दहा खरी आहेत?"

"ती खरी आहेत. पण नुसती दहा पाठवून काय होणार? अर्धवट वाटेल."

"खरं आहे ना? मग अर्धवट कसं?" कादरभाई म्हणाले. "खोटं जोडून पूर्ण करण्यापेक्षा बरं. पाठवा तुम्ही."

रंगनाथ सरांनी खुर्ची ओढली आणि तिथंच बसून दहाव्या पानाचा शेवटचा परिच्छेद नव्यानं लिहिला: पुढचा भाग लेखकाला अद्याप उलगडलेला नाही.

दहावं पान पुन्हा छापून वीस पाकिटं गेली. उत्तर एकाचंही आलं नाही.

पाच वर्षांनी, भर दुपारी, सर जवळजवळ धावतच छापखान्यात शिरले. हातात हॉलंडचं पत्र. कालव्याचा दरवाजा उघडला की लाट खालच्या गावाला किती वेळात पोचेल, हे तिथले लोक त्या दहा पानांवरून काढत होते. हातोहात फिरून त्यांची प्रत फाटली होती, आणखी सहा हव्या होत्या. सरांनी मराठीत वाक्य न् वाक्य सांगितलं आणि कादरभाईंनी ते दोनदा सांगायला लावलं.

"पुढच्या भागाचंही विचारलंय," सर हसले. "अजून शोधतोय, असं कळवतो."

पुन्हा जुळणी सुरू झाली. या खेपेला शेवटच्या पानाखाली एक नवी ओळ होती. जुळवता जुळवता कादरभाईंना त्यात ओळखीची पाच इंग्रजी अक्षरं दिसली.

"सर, हे माझं नाव?"

"तुम्ही मला चुकीपासून वाचवलंत म्हणून लिहिलंय."

"विद्वानांच्या कागदात जुळाऱ्याचं नाव शोभतं का? काढा ते."

"मी लिहिलंय, ते तुम्ही जुळवायचं," रंगनाथ सर म्हणाले आणि टोपी डोक्यावर ठेवून निघाले.

कादरभाईंनी आपल्या नावातला के उचलला, फडक्यानं स्वच्छ पुसला आणि ओळीत बसवला.