कंपनीच्या होडीला तेल

"दादा, ह्या होडयेक त्याल लावतत काय रे?" पार्वतीने पडवीतून विचारलं.

धाकूने मान वर केली नाही. जुन्या लुंगीचा बोळा काळ्या तेलात बुडवून तो होडीच्या पोटावरून फिरवत होता. होडी माडाच्या दोन ओंडक्यांवर पालथी घातलेली. "होडी ती होडी. पावस सरलो काय त्याल पाजूक व्हयाच. आपल्या बापाशीन कदी चुकवल्यान?"

"बापाशीची लाकडाची होती. ही कंपनीची."

"म्हणानच जास्त जपूक व्हयी."

भावाशी वाद घालून पार्वती कधी जिंकली नव्हती, आणि होडीच्या बाबतीत तर आमच्या हळर्ण गावात कुणीच धाकूशी वाद घालत नसे. एकतीस वर्षं तो सरकारी फेरीबोटीवर खलाशी होता. केरीच्या धक्क्यावर फळी खाली सोडायची, गाड्या आत घ्यायच्या, तेरेखोलच्या धक्क्यावर पुन्हा फळी सोडायची. दिवसातून वीस वेळा नदी ओलांडणारा हा माणूस बाकी कुठेच गेला नाही. लग्नही राहूनच गेलं. मेहुणा वारला तेव्हा बहीण आणि तिची तीन वर्षांची पल्लवी यांना तो घरी घेऊन आला, आणि त्याचा संसार म्हणाल तर तो एवढाच.

पल्लवीला वल्हं धरायला त्यानेच शिकवलं. गावच्या किल्ल्याच्या खाली आमची नदी संथ असते. पलीकडच्या काठावर त्यांचं एक शेत आहे, तिथे गवत कापायला जाता-येता मामा मागे बसायचा आणि भाची वल्हवायची. "हातान नको, पाठीन वड," एवढंच तो सांगायचा. बाराव्या वर्षी ती वल्हवण्यात मामाला मागे टाकायला लागली. सतराव्या वर्षी राज्याच्या स्पर्धेत पहिली आली आणि पणजीच्या एका कंपनीने तिला उचललं. कंपनी बाटलीबंद पाणी विकते. पाणी विकणाऱ्यांनी पाण्यावरच्या पोरीला मदत करावी, ही कल्पना त्यांच्यातल्या कुणाला तरी फारच आवडली असणार. त्यांनी परदेशी बनावटीची, फायबरची होडी दिली, लांबलचक, निमुळती, एका हाताने उचलता येईल इतकी हलकी. तिच्या दोन्ही अंगांवर कंपनीचं नाव निळ्या अक्षरांत होतं. दोन वर्षांनी पल्लवीला देशाच्या सराव केंद्रात बोलावणं आलं. तिथे होड्या तिथल्याच होत्या, म्हणून कंपनीची होडी धाकूच्या खोपीत राहिली. दर रविवारी तो तिच्यावरची धूळ पुसायचा.

आणि मग आशियाई स्पर्धा झाली. पल्लवी अंतिम फेरीत पोचली. नऊ होड्या, त्यात ती आठवी.

त्या पंधरवड्यात देशाचं सगळंच बिनसलं होतं. ज्यांच्यावर भिस्त होती ते पहिल्या फेरीत गारद, ज्यांचं नावही ठाऊक नव्हतं ते चौथे-पाचवे. टीव्हीवर रोज संध्याकाळी चार माणसं कोट घालून बसायची आणि कुणाचं चुकलं ते सांगायची. पांडुरंगाच्या चहाच्या दुकानातही तेच चालायचं, फक्त कोट नसायचे. पोस्टापर्यंत जायला ज्यांना भाड्याच्या पायलटची मोटारसायकल लागते, ते आमचे लोक खेळाडूंच्या दमाबद्दल बोलायचे.

"एकशे चाळीस कोटी माणसां," पांडुरंग गाळणं झटकत म्हणाला, "आनी पदकां बोटार मोजूक येतत."

"आमचां चेडू आठवां इलां," धाकू म्हणाला. "आशियात आठवां."

"आठवां म्हणजे शेवटल्यान दुसरां मरे."

दुकानात सगळे हसले. धाकूही हसला, पण चहा अर्धा ठेवून उठला. त्याला राग आला होता, आणि राग आला की तो गप्प बसतो ही त्याची खोड. घरी येऊन त्याने खोप उघडली.

त्याला घाईही होती. पल्लवी गुरुवारी घरी येणार होती आणि शुक्रवारी कंपनीचा माणूस. कंपनीचा करार संपत आला होता. पुढची दोन वर्षं मदत चालू ठेवायची की थांबवायची हे शुक्रवारनंतर कळणार होतं. मदत राहिली तर पल्लवी केंद्रात परत जाणार, नाही तर नाही. केंद्रातला प्रशिक्षक आणि खुराक दोन्ही कंपनीच्याच जोरावर होते. धाकूच्या हातात यातलं काहीच नव्हतं. त्याच्या हातात होती ती होडी. कंपनीच्या माणसाने खोपीत पाऊल टाकलं की त्याला दिसायला हवं, आम्ही तुमची वस्तू कशी ठेवली ते.

म्हणून त्याने काजूच्या टरफलांचं तेल आणलं. पेडणे तालुक्यात होडीवाले पावसाळा संपला की लाकडाला हेच तेल पाजतात. त्याने कीड लागत नाही आणि होडी दहा वर्षं जास्त जगते. धाकूने एक हात दिला, वाळायची वाट पाहिली, दुसरा हात दिला. त्याचे तळवे भाजल्यासारखे लाल झाले. हे तेल कातडीला सोसत नाही, पण त्याची त्याला सवय होती.

लाकूड तेल पितं. ही होडी काही प्यायली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेल वरच्यावर चिकट राहिलं होतं, त्यावर धूळ बसली होती, आणि पांढरी होडी तपकिरी डागांनी भरली होती. धाकूने पुसून पाहिलं. मग रॉकेल लावून पाहिलं. रॉकेलने निळ्या अक्षरांच्या कडा उचलल्या गेल्या, आणि कंपनीच्या नावातलं मधलं अक्षर त्याच्या फडक्याला चिकटून आलं.

पल्लवी गुरुवारी दुपारी बसमधून उतरली. आईने ओवाळलं, जेवायला वाढलं. जेवून ती खोपीत गेली, तेव्हा मामा होडीपाशी उकिडवा बसला होता.

"मामा, ह्यां काय केलंस?"

"बऱ्यासाठी केलंय गे. माका वाटला, तू येतलंस..."

पल्लवी होडीभोवती एक फेरी मारून आली. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती त्याच्या बाजूला बसली आणि त्याचे तळवे उलटे करून बघितले. "खोबरेल लाय ह्येका," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी रुद्रेश आला. डिचोलीचा मुलगा, तिशीतला, कंपनीचा बिल्ला गळ्यात. पार्वतीने बाहेर बसायला कदेल, म्हणजे खुर्ची मांडली, चहाबरोबर पोदेराकडचे ताजे पाव दिले. त्याने पल्लवीला स्पर्धेबद्दल चार बरे शब्द सांगितले आणि सामानाची यादी काढली. खोपीत शिरला आणि थांबला.

"काका, काय लावल्यात तुमी ह्येका?"

"काजीचा त्याल."

रुद्रेशने होडीकडे पाहिलं. त्याच्या आजोबांचीही डिचोलीला होडी असावी, कारण तो हसला नाही. फोनवर त्याने तीन फोटो घेतले.

"चूक माझी," धाकू त्याच्या मागे मागे चालत म्हणाला. "तां चेडू हंय नव्हतांच. तेची कायेक चूक नाय. तुमी तसां लिवा. माझां नाव घाला. धाकू पेडणेकर, निवृत्त खलाशी."

"लिवतंय, काका."

"माका नवी बोट घेवन दिवक जमाची नाय. पण मी डाग काडून दितलंय. सगळे खरवडून काडतलंय."

"राहूंद्या काका. डागांचा काय ता मोठा नाय." रुद्रेशला घाम आला होता. गाडीकडे जाताना तो पल्लवीशी फाटकापाशी बराच वेळ हळू आवाजात बोलला. धाकूला दिसलं, ऐकू आलं नाही. पल्लवी मान हलवत होती.

पत्र दहा दिवसांनी आलं, इंग्रजीत. पल्लवीने पायरीवर बसून ते मामाला आणि आईला मराठीत सांगितलं. कंपनीला तिचा अभिमान आहे. कंपनीचं धोरण बदललं आहे. पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. धाकूला इंग्रजी येत नाही, पण त्याचे डोळे शाबूत आहेत. पत्रात परिच्छेद चार होते आणि पल्लवीने तीनच सांगितले, हे त्याने मोजलं.

संध्याकाळी तो पत्र सदऱ्याच्या आत घालून पांडुरंगाकडे गेला. पांडुरंगाची सून, सुविधा, हायस्कुलात शिकवते. तिने सगळं पत्र वाचलं, तिसरा परिच्छेद परत वाचला आणि म्हणाली, "कंपनीन दिलेल्या सामानाची निगा समाधानकारक नाय आसली, असां लिवलांसा. तसां कायव नाय काका, अशीच लिवची पद्धत असता."

"होय," धाकू म्हणाला. पत्राची घडी त्याने जशी होती तशी घातली.

त्या दिवसापासून तो पल्लवीच्या नजरेला नजर देईना. जेवताना ताटाकडे बघायचा. चार दिवस तिने वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी ती त्याला विहिरीपाशी गाठून म्हणाली, "मामा, माझां आयक. रुद्रेशदादान त्याच दिसा सांगल्यान. सोमवारीच तेंचां ठरलां होतां. तो हंय येवच्या आदी. पदक नाय तर कोणाकच दिवचां नाय. माझ्यासारक्या सहा जणांक सोडल्यानी. आता ते धावपाची शर्यत करतले पणजेक, सगळ्यांच्या आंगात कंपनीचे शर्ट. तेलाचा नि तेचा कायेक संबंध नाय."

धाकूने पोहरा वर ओढला. पाणी कळशीत ओतलं.

"होय गे," तो म्हणाला.

"तुका खरां वाटणा नाय."

"वाटता मगे."

पण त्याला खरं वाटलं नव्हतं. जी पोर पत्रातला एक परिच्छेद गिळू शकते, ती त्याच्या समाधानासाठी एक सोमवारही रचू शकते, असं तो मनाशी म्हणाला. तिने पहिल्यांदा लपवलं नसतं तर दुसऱ्यांदा त्याने विश्वास ठेवला असता. आम्ही गावकऱ्यांनीही त्याला समजावलं, पांडुरंगाने तर दोनदा. पण आम्ही त्याच्या बाजूने बोलतोय म्हटल्यावर त्याची खात्री आणखीच पक्की झाली. कंपनीचा टेंपो येऊन होडी घेऊन गेला, त्या दिवशी त्याने खोपीचा दरवाजा काढून सरपणात घातला.

पल्लवी केंद्रात परत गेली नाही. दोन महिने तिने पणजीत खेपा घातल्या, एका बँकेने, एका औषधाच्या कारखान्याने चहा पाजून परत पाठवलं. त्या वर्षी कुणालाच खेळाडू नको होते. सगळ्या देशाचाच विरस झाला होता, आणि त्यातला थोडा आमच्या हळर्णाच्याही वाट्याला आला. शेवटी तेरेखोलच्या एका हॉटेलात तिला काम मिळालं. पर्यटकांना प्लॅस्टिकच्या होड्यांतून तिथल्या किल्ल्यापर्यंत फिरवून आणायचं.

धाकू तिच्याकडे पहिल्यांदा गेला तो माघ महिन्यात. पार्वतीला ताप होता म्हणून पल्लवीचा डबा तो घेऊन गेला. केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीतल्या नव्या खलाशाने त्याला ओळखलं नाही. पलीकडे उतरून तो हॉटेलच्या जेटीवर गेला तर पल्लवी पाण्यावर होती. नारिंगी होडी, पुढे एक पर्यटक बाई जाकीट घालून, मागे ती. बाई वल्हं पाण्यात बुडवत होती, फिरवत होती, ओढत नव्हती. पल्लवी तिच्या गतीने चालली होती. पाठ सरळ, कोपर पूर्वीसारखंच, वल्हं पाण्यात शिरताना आवाज नाही, पण जोर कुठेही लावलेला नाही. एवढ्या सावकाश होडी नेताना धाकूने तिला कधी पाहिलं नव्हतं, तिच्या सहाव्या वर्षीही नाही.

शेजारी एक पुण्याचा गृहस्थ उभा होता. होडीतल्या बाईचा नवरा असावा. त्याने धाकूच्या हातातला डबा बघितला, हा इथलाच कुणी असणार असं धरून विचारलं, "काका, त्या मुलीला नीट येतं ना हो वल्हवायला? आमच्या हिला पोहता येत नाही."

धाकूने पाण्याकडे पाहिलं.

"येता," तो म्हणाला. "तिका येता."

"मग ठीक," तो माणूस म्हणाला आणि फोटो काढायला त्याने फोन वर धरला. आपण मध्ये येतोय असं वाटून धाकू डबा घेऊन दोन पावलं बाजूला झाला.