उसने नंबर

"एकेचाळीस नंबर! आरं, एकेचाळीस कोण हाय?" स्टँडवरच्या पावतीच्या खिडकीतून जोतीरामनं मान बाहेर काढून हाक दिली.

एकेचाळीस नंबर यल्लाप्पाचा. तो आपल्या गाडीला टेकून भेळ खात उभा होता. कागदातला शेवटचा घास त्यानं तोंडात टाकला आणि शेजारी काच पुसणाऱ्या मौलाला म्हणाला, "जा की मौला. पुकारा झाला."

"नंबर तुझा हाय."

"माझा पाय दुखतोय."

"काल कंबर दुखत हुती."

"वय झालं गड्या. सीझन सरंपातुर रोज नवं दुखणं काढायचं म्हंजे डोकं लय चालवावं लागतं. तुला काय, नुसती गाडी चालवायचीया."

बाकीचे ड्रायव्हर हसले. मौला हसला नाही. दोन महिने हे असं चाललं होतं, पण त्याला त्याची सवय झाली नव्हती.

महाबळेश्वरला टॅक्सी नंबरानं सुटते. ज्याचा नंबर पुकारला जाईल त्यानं समोर येईल ती पार्टी घ्यायची. जवळची असो की लांबची, नाक मुरडायचं नाही. मौला या स्टँडवर आला तेव्हा चौदा वर्षांचा होता, गाड्या धुवायला. तेव्हा सगळ्या फियाट नाहीतर अँबेसेडर. गुजराती कुटुंबं महिना महिना मुक्कामाला यायची, आचारी सोबत आणायची आणि जाताना ड्रायव्हरच्या घरात साडी ठेवून जायची. एखादी गाडी घाटात तापली, तर मागच्या गाडीतला ड्रायव्हर आपली पार्टी थांबवून पाणी घालायला उतरायचा. ते दिवस गेले. त्या गाड्या गेल्या, ती माणसंही गेली. नंबराचा नेम मात्र कुणी मोडला नव्हता. यंदा मार्चमध्ये तो यल्लाप्पानं मोडला.

मौलाच्या आसियाच्या दोन्ही किडन्या बाविसाव्या वर्षी निकामी झाल्या. आईची, ताहेराची किडनी जुळत होती. सांगलीच्या डॉक्टरांनी खर्च सांगितला आठ लाख. सरकारी योजना, ट्रस्टांच्या चिठ्ठ्या, ताहेराच्या बांगड्या असं करत पाच जमले. बाजारपेठेतले लोक म्हणाले, पेटी फिरवू, दुकानादुकानांत ठेवू. मौलानं हात जोडले. "पोरीचा फोटू पेटीवर नका लावू. तिचं लगीन व्हायचंय अजून." तेव्हा यल्लाप्पानं तोड काढली. "पैसं नगं ना? मग नंबर घे. गाडी तुझी, डिझेल तुझं, घाम तुझा. भीक कसली त्यात?" त्याचं बघून कोंडीबानं दिला, मग आणखी सात-आठ जणांनी. पाऊस लागला की गिऱ्हाईक बंद. त्याआधी तीन लाख उभे करायचे होते. मौला सूर्योदयाच्या पार्टीला जो घराबाहेर पडायचा, तो सूर्यास्ताच्या पार्ट्या हॉटेलांवर सोडूनच परतायचा. आता नव्वद हजार उरले होते आणि सीझनचे वीस दिवस.

"पार्टी एकटीच हाय," जोतीराम म्हणाला. "आर्थर शीट, तीन तास. पावती फाडलीया." बोलताना तो मौलाकडे बघत नव्हता.

मौलानं सवयीनं मागचं दार उघडलं. "आइए मॅडम."

समोर निळी ओढणी घेतलेली आसिया उभी होती.

"सामान काही नाही हं माझं," ती म्हणाली.

"तू? हितं? अम्मी कुठाय?"

"घरी. तिला सांगून आलेय. पावती बघणार का?"

"येडी का काय तू! पैसं कुठनं आणलंस?"

"मेंदी काढत होते तेव्हाचे ठेवले होते. ओरडताय कशाला? पैसे तुमच्याच खिशात जाणार, तिथनं माझ्या किडनीला. यात तोटा कुणाचा, सांगा."

आसिया मराठी शाळेत शिकलेली. बापाशी ती मराठीतच बोलायची, आणि भांडायचं असलं की जास्तच शुद्ध.

"मौला, गिऱ्हाइकाशी नीट बोल रं!" यल्लाप्पा मागून ओरडला. "तक्रार जाईल संघटनेकडं!" त्याचा पाय अजिबात दुखत नव्हता, हे सगळ्या स्टँडला दिसत होतं.

गाडी बाजारातून बाहेर पडली. आसिया मागच्या सीटवर ऐटीत बसली होती. "ड्रायव्हरकाका, माहिती द्या की. सगळ्यांना देता ती."

"तुला काय द्यायची? तू हितलीच."

"मी आर्थर शीट बघितलेलं नाही."

मौलानं आरशात बघितलं. "शाळेतनं गेली असशील."

"शाळा आम्हाला अजिंक्यताऱ्यावर न्यायची. इथल्या पोरांना इथलं कोण दाखवतंय?"

मौला मनातल्या मनात मागे जात राहिला. चव्वेचाळीस वर्षांत नवी जोडपी, म्हातारी माणसं, सायबांची कुत्रीसुद्धा त्यानं त्या कड्यापर्यंत नेली होती. आसिया लहान असताना म्हणायची, अब्बा, मला कधी? सीझन संपू दे, तो म्हणायचा. सीझन संपला की पाऊस लागायचा, आणि पावसात आपला हात आपल्याला दिसत नाही असं धुकं. मग पुढच्या सीझनला. असे बावीस सीझन झाले होते.

"थांबवा जरा," आसिया म्हणाली. "पुढं येऊन बसते. मागून नुसती पाठ दिसते तुमची. दोन महिने तीच बघतेय."

ती पुढे येऊन बसली. मौलानं गाडी पुन्हा सुरू केली. थोड्या वेळानं त्यानं घसा साफ केला आणि पार्टीसमोर बोलायचा त्या हिंदीत सुरुवात केली. "तो मॅडम, ये रोड अंग्रेज लोगने बनाया..." आसिया हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं. मक्याची कणसं भाजल्याचा वास, माकडं, नव्या टोप्या घातलेली माणसं. मौला धावत जाऊन कोकम सरबताचा मोठा ग्लास घेऊन आला. आसियानं पर्समधून एक छोटी बाटली काढून दाखवली. बाटलीवर नेलपॉलिशच्या तीन रेघा होत्या.

"दिवसाचं पाणी एवढंच, अब्बा. दुपारपर्यंत या रेघेपर्यंत. सरबत चालत नाही."

"कवापासनं?"

"डिसेंबरपासून."

मौला ग्लास घेऊन तसाच उभा राहिला. शेवटी त्यानं तो कणसंवालीला देऊन टाकला.

कड्याकडे जाणाऱ्या पायऱ्या त्यांनी चढायला घेतल्या. अकराव्या पायरीवर आसिया थांबली. कठड्याच्या दगडावर बसली. ओठांचा रंग गेला होता, श्वास वरच्या वर चालला होता. मौलानं तिचा हात धरला आणि दचकून सोडला. मनगटाच्या वर, कातडीखाली काहीतरी सारखं थरथरत होतं, चालू गाडीच्या बॉनेटवर हात ठेवावा तसं.

"घाबरू नका. डायलिसिसच्या मशीनला जोडतात ती शीर आहे. ती अशीच असते."

नुसता हात लावून गाडीत काय बिघडलंय हे सांगणारा माणूस तो. दुसरे ड्रायव्हर गाडी घेऊन त्याच्याकडे यायचे. त्यानं तिचा हात पुन्हा धरला आणि या वेळी सोडला नाही.

"उचलून नेतो तुला. बारकी असताना नेत हुतो की."

"नको. लोक बघतील. इथनंच सांगा, पुढं काय आहे ते."

मग मौला सांगू लागला. हिंदी बाजूला राहिली, पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं. पुढं कडा हाय. त्याच्या खाली एवढी खोल दरी, की पोटात गोळाच येतो. खाली कोकण, हिकडं आपला देश. सकाळच्या पारी ढग खाली असत्यात आन आपण वर. दरीतनं वारा असा येतो, की बाटलीचं टोपण खाली टाकलं तरी वर येतं. पोरं तेच करत बसत्यात. आसिया डोळे मिटून ऐकत होती. एका शाळकरी मुलीनं जाता जाता तिच्याकडे वळून बघितलं.

"अब्बा," डोळे न उघडताच ती म्हणाली, "पंधरा दिवसांपूर्वी अम्मी आणि मी सांगलीला गेलो होतो. हृदयाचा फोटो काढला. ते मोठं झालंय म्हणाले, काम कमी करतंय. आता ऑपरेशन सोसणार नाही."

"मग कवा करणार?"

"सहा महिन्यांनी बघू म्हणाले." आणि थोड्या वेळानं, "बघू म्हणाले, अब्बा."

मौलाला तो शब्द कळला. सीझन संपू दे, बघू. त्यानंच कितीदा तो वापरला होता.

"मला सांगितलं न्हाई कुणी."

"अम्मी म्हणाली, चालवू दे त्यांना. गाडी चालवतायत तोवर ते उभे आहेत."

"मग आज का सांगितलंस?"

"नव्वद हजारच राहिलेत म्हणून. ते पुरे झाले की तुम्ही पेढे घेऊन हसत घरी येणार. तेव्हा मला तोंड उघडता आलं नसतं." ती थांबली, दम घेतला. "आणि अजून वीस दिवस मला पाठच दिसली असती."

 तिला हाताला धरून मौलानं एकेक पायरी उतरवली. लोक बाजूला होऊन वाट देत होते. दोघंही त्यांच्याकडे बघत नव्हते.

परतताना अर्ध्या वाटेत आसियाला झोप लागली. मान खिडकीकडे कलली, तोंड किंचित उघडं. मौलानं गाडीचा वेग इतका कमी केला की मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे निघून गेल्या. रेंज आली तसा फोन वाजला. त्यानं गाडी जांभळीखाली बाजूला घेतली.

"मौलाभाई, कोंडीबाचा नंबर लागलाय," जोतीराम घाईघाईनं म्हणाला. "परतापगडची पार्टी हाय, येताना जेवण, सगळं. चांगलं मिळंल. धा मिनटात या. मी थांबवून धरलंय त्यास्नी."

"कोंडीबाचा नंबर कोंडीबालाच दे."

"का वं? त्यानं तुमाला दिलाय की."

"त्याला म्हनाव, लय उपकार झालं. सगळ्यास्नीच सांग. आता कुणाचा नंबर मला नगं." मौलानं आवाज आणखी खाली आणला. "गाडीत पॅसेंजर हाय माझ्या."

पलीकडे स्टँडचा गलका ऐकू येत राहिला. मग जोतीराम म्हणाला, "बरं." एवढंच. फोन ठेवला.

फांद्यांतून ऊन काचेवर आलं आणि आसियाच्या तोंडावर पडलं. तिच्या पापण्या हलल्या. मौला आवाज न करता खाली उतरला. दार नुसतं लोटून घेतलं. लावलं असतं तर आवाज झाला असता. गाडीला वळसा घालून तो तिच्या बाजूच्या काचेपाशी आला आणि सूर्याकडे पाठ करून, आपली सावली तिच्या तोंडावर पडेल असा उभा राहिला.

पायी चाललेलं एक जोडपं शेजारी थांबलं. "भैया, टॅक्सी खाली है क्या?"

मौलानं बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली. जोडपं पुढे निघून गेलं. ऊन हळूहळू सरकत होतं. ते सरकलं की मौला तेवढाच अर्धं पाऊल सरकायचा आणि पुन्हा स्थिर उभा राहायचा.