हप्त्याच्या पलीकडचा खर्च

सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार हैबतराव आणि त्यांची बायको नूतन यांच्या गडब गावातल्या घरात हल्ली कोणी मोकळं बोलत नव्हतं. मुलीच्या कॉलेजसाठी रोह्याजवळ वरसेला फ्लॅट घ्यायचं ठरलं, तेव्हापासून हैबतरावांचं जेवणात लक्ष नसे. नूतनने कर्जाचं विचारलं की एकच उत्तर येई, "बँकेचं मी बघतो. तू त्यात पडू नको."

त्या दिवशी रोह्याच्या बँकेत अधिकाऱ्याने कागद नूतनपुढे सरकवले. "तुम्ही सहकर्जदार. इथे सही करा."

नवरा चारचौघांत ओरडेल ही धास्ती नूतनला होतीच, पण काही न कळता सही करायची धास्ती त्याहून मोठी निघाली.

"यांना काय झालं तर हे कोणी फेडायचं? कळल्याबिगर मी सही करणार नाय."

हैबतरावांचा चेहरा उतरला. फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटाने सांगितलेला हप्ता तेवढा त्यांना ठाऊक होता. "नंतर येतो," म्हणून ते उठले. परतीच्या एसटीत गडब आलं तरी नूतन जागची हलली नाही. "पेणला मालूवहिनींकडे जाऊ," ती चाचरत म्हणाली.

मालू म्हणजे हैबतरावांच्या पलटणीतल्या मित्राची पत्नी. तो निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत गेला होता. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "भावजी, आमच्या यांनीपण मला कर्जाचं कधी सांगितलं नाय. ते गेले, आणि घरात सुतक असतानाच बँकेचा फोन आला. माणूस गेला तर उरलेलं कर्ज फेडणारा कर्जाचा विमा काढलेलाच नव्हता."

"पण पेन्शन हाय ना?"

"ती तुमची. तुमच्या माघारी नूतनला जी मिळेल, ती काही वर्षांनी कमी होते. हप्ता कमी होत नाय, उलट व्याजाचा दर चढला तर वाढतो. नोंदणीचा खर्च, सोसायटीचा मेंटेनन्स वेगळाच. मला घर विकावं लागलं, भावजी. पोरीला घेऊन भावाकडे राहिले. ही विचारते ती तुमच्यावर भरवसा नाय म्हणून नव्हे. ती घाबरलीय."

हैबतरावांनी मान खाली घातली. "मीपण घाबरलोय, वहिनी. विचारलं तर लोक म्हणतील, फौजी माणसाला एवढंपण कळत नाय. म्हणून हिलाच गप्प करत राहिलो."

नवऱ्याच्या तोंडून असं नूतनने कधी ऐकलं नव्हतं. "अहो, मग दोघं मिळून विचारू ना," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा बँकेत बसली. नूतन एकटी राहिली तर किती पेन्शन येईल आणि त्यात काय भागेल, हेही त्यांनी विचारलं. आधी पाहिलेला फ्लॅट त्यात बसेना. मग त्याच इमारतीतला लहान घेतला, कर्जाचा विमाही काढला. सगळं समजून घेतल्यावर नूतनने सही केली.

वाचकहो, घर एकाच्या नावावर झालं तरी त्याचा भार सगळ्या कुटुंबावर पडतो. तेव्हा कर्ज घेण्याआधी पूर्ण खर्च घरात सगळ्यांसमोर मांडा. आपण नसताना जिला तो पेलायचा आहे, तिला आधी विचारा. बायकोने प्रश्न विचारण्यात नवऱ्याचा अपमान नाही. तिला अंधारात ठेवणं हा मात्र तिच्यावर अन्याय आहे.