तीनदा दाबलेली कळ

हैफातल्या त्या दुकानात गर्शोन हासाजी महिन्याच्या बोलीवर लागला होता. मुंबईला फोर्टात त्याने वीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. इथे आल्यावर सहा वर्षं बंदरात पोती उचलली. एका डॉक्टरांचं घड्याळ नीट करून दाखवलं, तर दुरुस्तीचं टेबल कायमचं त्याचं. नाहीतर परत पोती. दुकानाचा मालक योराम याने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मनगटावरचंच घड्याळ, पण तसली जगात मोजकीच असतील. बाजूची पट्टी सरकवली की ते बारीक घंटा वाजवून वेळ सांगे. महिना तीसचा की एकतीसचा, हे त्याचं त्यालाच कळे. आत एक चाक होतं, चार वर्षांत एकच फेरा घेणारं. म्हणून पुढच्या साली फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा आहे, हेही त्याला आत्ताच ठाऊक होतं. पण एक लक्षात ठेवायचं. असलं घड्याळ बंद पडून तारीख मागे राहिली, तर कडेची कळ दाबून ती पुढे नेता येते, एका दाबाला एक दिवस. पुढे गेलेली तारीख मात्र मागे आणता येत नाही.

गर्शोनने ते दुरुस्त केलं. बुधवारी, नव्याच्या सणाच्या, म्हणजे यहुदी नववर्षाच्या, आदल्या दुपारी, योराम म्हणाला, "होदी, घरी ने हे. दुकान आता रविवारीच उघडेल, तेव्हा डॉक्टर न्यायला येतील. रोज किल्ली दे." होदी म्हणजे हिंदुस्थानी. गर्शोनला तो नावाने कधी हाक मारत नसे.

एकोणीसशे त्रेसष्ट साली सणाचे दोन दिवस गुरुवार-शुक्रवारी आले आणि लागूनच शनिवारचा शब्बाथ; तिन्ही दिवस काम वर्ज्य. बायकोने, फ्लोराने, दिवे लावायच्या आधी गर्शोनने पूर्ण किल्ली दिली. मग हात लावला नाही. यहुद्यांच्या देशात एक यहुदी माणूस सणाला आणि शब्बाथला किल्ली द्यायला सांगेल, असं त्याच्या मनातही आलं नाही. 'रोज' म्हणजे कामाचे दिवस, हे काय सांगावं लागतं?

शुक्रवारी सकाळी फ्लोरा म्हणाली, "अवो, टिकटिक थांबली वाटतं."

"थांबणारच. रविवारी दोनदा कळ दाबली की झालं."

"त्या योरामला ठाऊक आहे का?"

गर्शोनने टोपी घातली आणि तो प्रार्थनेला निघाला.

रविवारी बावीस तारीख होती. घड्याळावर वीस. योरामने ते त्याच्या हातातून ओढलंच.

"बंद? रोज किल्ली दे म्हटलं होतं ना!"

"सण होता. द्या इकडे, मी..."

"माझ्या दुकानात राबाय होऊन धर्म शिकवू नकोस!" म्हणत योरामने कळ दाबली. एकदा, दोनदा, आणि रागाच्या भरात तिसऱ्यांदा. तेवीस.

तेवढ्यात डॉक्टर आत आले. योराम लगेच म्हणाला, "माफ करा, डॉक्टर. या होदीने बिघडवलं. तारीख पुढे पळतेय."

पोती उचलताना पाठ मोडली तेव्हा गर्शोन ओरडला नव्हता. आता ओरडला.

"तीनदा कोणी दाबली? सांग! माझ्या कामावर बोट ठेवतोस? खोल मागचं झाकण, एक ओरखडा दाखव! सण पाळला म्हणून बंद पडलं, आणि स्वतःची चूक झाकायला बिघडलं म्हणतोस?"

डॉक्टरांनी योरामकडे बघितलं. योराम काउंटर पुसू लागला.

"सांग," गर्शोन म्हणाला.

"मी दाबली," योराम पुटपुटला.

"आता मागे कसं आणायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आणायचं नाही. असंच बंद ठेवायचं. उद्या तेवीस तारीख येईल, तेव्हा काटे लावून चालू करायचं. तोवर कोणी हात लावायचा नाही."

डॉक्टरांनी घड्याळ गर्शोनच्याच हातात दिलं.

सोमवारी सव्वादहाला डॉक्टर उभे असताना गर्शोनने काटे लावले, किल्ली दिली, पट्टी सरकवली. दहा ठोके, मग पाव तासाचा एक जोडठोका. डॉक्टर घड्याळ बांधून गेले. योरामने टेबलाच्या खणाची किल्ली पुढे सरकवली. "तुझं टेबल, होदी."

"गर्शोन म्हण," त्याने बजावलं. "शब्बाथला कुठल्याही घड्याळाला किल्ली दिली जाणार नाही. आणि या टेबलावरच्या घड्याळाला तू हात लावायचा नाहीस."

गर्शोनने हत्यारं खणात मांडली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मग त्याने दुसरं घड्याळ उघडायला घेतलं.