पातेल्याचं गाणं

आमच्या गावात लंगडा माणूस चालतो, बेसूर चालत नाही. खाटीक, नोटरी, पाद्रीबुवा, झाडून सगळे गातात आणि वर एकमेकांच्या चुका काढतात. अशा गावात चीजच्या कारखान्यातला आर्जेओ चाळीस वर्षं निव्वळ तोंड हलवून जगला. आठव्या वर्षी चर्चच्या गायनमास्तरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव हं, बाळ." तेव्हापासून प्रार्थनेत काय, लग्नात काय, ओठ याचे आणि आवाज शेजारच्याचा. बायकोलासुद्धा पत्ता नव्हता. नऊ वर्षांच्या लेकीला, नोएमीला, तर नाहीच नाही, असं तो धरून चालला होता. तिच्यासमोर उघडं पडायची त्याला मरणाची धास्ती.

आणि नेमका सापडला इल्वाबाईंच्या तावडीत. बाई शाळेत संगीत शिकवतात, दर वसंतात मुलांचा ऑपेरा बसवतात. यंदाचा त्यांनी स्वतःच लिहिला होता, आणि बाईंचं डोकं म्हणजे काय सांगावं! नाताळचं जेवण मांडलंय, पण पातेलं आतल्या तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेल्या त्या इवल्याशा उकडलेल्या करंज्या, बाहेर सोडायलाच तयार नाही. सोडल्या की आपण रिकामे, म्हणून रडत बसलंय. तोर्तेल्लीनी म्हणजे मुलं. पातेलं लोखंडी कड्यांवर कागदाचा लगदा थापून केलेलं. ते खांद्यावर पेलायचं, शिवाय आत एक पोर घेऊन रंगमंचभर गात फिरायचं, म्हणजे दणकट गडी हवा. चीजची चाळीस किलोची चाकं रोज उलटीपालटी करणारा आर्जेओ बाईंच्या डोळ्यांत भरला. गाता येतं का, हे त्यांनी विचारलंच नाही. आमच्याकडे असलं कुणी विचारत नाही.

आतली पोर म्हणजे नोएमी. "बाबा, मी तुझ्या पातेल्यात असणारे," तिनं उड्या मारत सांगितलं. आता नाही म्हणायची सोयच उरली नव्हती.

त्यानं औषधवाल्या एजिस्तोचे पाय धरले. एजिस्तोचा आवाज खर्जातला, भरदार. "मी पडद्याआडून गातो, तू जबडा हलव," तो म्हणाला. "पण नंतर समोरच्या कॅफेत लाम्ब्रुस्को वाइन पाजायची." तालमींना आर्जेओ गळ्याला मफलर गुंडाळून जायचा आणि खुणेनंच सांगायचा, घसा जपतोय. बाई खूश. "याला म्हणतात गवई," त्या बाकीच्यांना सुनवायच्या, "उगाच आवाज उधळत नाही."

प्रयोगाच्या दिवशी सुतारानं बापलेकीला पातेल्यात घातलं आणि मागून चार बोल्ट आवळले. "आता शेवटपर्यंत सुटका नाही. मुतून आलायस ना?"

काठावरून दोघांची डोकी तेवढी वर. पातेल्याचं रडगाणं सुरू झालं. एजिस्तो असा गायला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. आर्जेओचे ओठ बरोब्बर जुळले. ध्रुवपदाला नोएमीनं साथ द्यायची होती. तिचं तोंड त्याच्या कानापासून वीतभर लांब. ते हलत होतं, आणि त्यातून काहीही येत नव्हतं.

टाळ्यांच्या गजरात तो पुटपुटला, "तू गात का नव्हतीस?"

"बाई म्हणाल्या, नुसते ओठ हलव. मी म्हटलं, येतं मला. बाबा हलवतो तसेच."

"तुला कधीपासून माहीत?"

"चर्चमध्ये तुझ्या शेजारीच तर उभी असते."

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आरोळी आली, "बिस! बिस!" गॅलरीनं बिस मागितलं की गाणं पुन्हा म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर पुढचा खेळ होऊ देत नाहीत. पण मुलांच्या ऑपेरात आजवर कधी कुणी मागितलं नव्हतं, म्हणून ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं विंगेत पाहिलं. खुंटीवरचा एजिस्तोचा कोट गायब. गडी केव्हाच कॅफेत पोचलेला.

बाईंनी पियानोवर हात ठेवले. बोल्ट बाहेरून. खांद्यात कडी रुतत होती, घाम डोळ्यांत चालला होता.

"काका गेले वाटतं," नोएमी कुजबुजली. "हलव नुसतं, बाबा. कुणाला काही कळत नाही."

गायनमास्तर बोलले तेव्हा त्याला एवढं लागलं नव्हतं. आपलंच पोर तेच सांगतंय, आणि ते आपणच शिकवलंय. त्याला आपलीच चीड आली, आणि त्यानं तोंड उघडलं.

पहिल्याच सुराला बाईंची बोटं घसरली. गॅलरी आधी हसली, मग शिट्ट्या सुरू झाल्या. आमच्याकडे नाटकात शिट्टी म्हणजे शिवी. "झाकण लावा रे त्याला," खाटीक ओरडला. आर्जेओ पळूनच गेला असता, पण पळणार कुठे? म्हणून गात राहिला. दुसऱ्या कडव्याआधी लेकीकडे वळून म्हणाला, "म्हण. आपल्याला आता कुणी बाहेर काढू शकत नाही."

नोएमीनं घाबरत तोंड उघडलं. आवाज थेट बापाचा, तसूभरही फरक नाही. शिट्ट्या दुप्पट झाल्या, आणि ती हळूहळू मोठ्यानं गायला लागली.

शेवटी बाईंनी पडदा पाडायला लावला. सुतार पाना घेऊन धावत आला आणि पहिल्या बोल्टला हात घातला.

"थांबा ना काका," आतून नोएमी म्हणाली, "अजून एक कडवं राहिलंय."